दहावी नळी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दोनशे चौदा.

शुक्रवारी दोनशे तेरा होते. शनिवार-रविवारात जगात कुठेतरी कुणीतरी आपल्या शोधनिबंधाच्या शेवटी संदर्भ म्हणून माझा पेपर लिहिला. शोधलं तर ब्राझील निघालं. बरं वाटलं का? थोडं. दात घासून झाल्यावर वाटतं तेवढं.

प्राध्यापकपदाचा फॉर्म अठरा पानांचा. सगळे रकाने आकड्यांचे. एकूण शोधनिबंध २३. पहिलं नाव माझं असलेले ११. एकूण सायटेशन ३४१. एच-इंडेक्स ८. भरता भरता पहिल्यांदाच नीट लक्षात आलं – तीनशे एक्केचाळीसमधले दोनशे चौदा एकाच पेपरचे. बाकीचे बावीस मिळून एकशे सत्तावीस. पंधरा वर्षं राबले, आणि लोकांनी एकच काम वाचलं!

विभागप्रमुख नारायणराव सर डोकावले. "बुलढाण्यात बसून दोनशे चौदा! पुण्याच्या लोकांना सांगा मॅडम, आमच्या पाण्यातच आहे म्हणावं." मग जाता जाता – "तो एक पेपर वजा केला तर मात्र आपण सगळे सारखेच हो." गमतीत म्हणाले. दिवसभर पुरली ती गंमत.

शेवटचा रकाना तेवढा शब्दांचा आहे. 'आपल्या संशोधनाचा समाजाला झालेला प्रत्यक्ष उपयोग – पाचशे शब्दांत.'

४ नोव्हेंबर

रकाना कोराच. थकले.

५ नोव्हेंबर, बुधवार

सोनाळ्याबद्दलच लिहावं लागणार. दुसरं आहे काय माझ्याकडे?

२०१० साल. मी एकतीसची, पीएच.डी. अडकलेली. सोनाळ्यातलं एक संत्राबागवाल्यांचं घर – चार पिढ्यांपासून त्या घरात एक आजार. पस्तिशी-चाळिशीत तोल जायला लागतो, मग बोलणं जड होतं, मग खाट. गाव म्हणायचं, घराणंच पिणारं. त्या घरात कुणी दारूला शिवलेलं नव्हतं.

गाइड म्हणायचे, "दहा जणांचं रक्त आण. नऊवर पुराव्याचा आकडा तीनच्या खाली राहतो, आणि तीनच्या खालचं कुणी छापत नाही." दहा आणले. सहा आजारी, चार निरोगी. सहाही जणांच्या एका जनुकात तोच एक बारीक बदल. चौघांत नाही. एकही अपवाद नाही! आजाराचं कारण सापडलं. तोच तो पेपर.

त्या दिवसाचं फारसं आठवत नाही. संत्र्यांचा वास आठवतो. थर्माकोलच्या डब्यातला वितळत चाललेला बर्फ. साडेपाचची शेवटची एसटी. आणि मांडीवर डबा धरून बसले होते ते – दहा नळ्या, जणू दहा अंडी. तेव्हाही रोज लिहायची मी. त्या वह्या मायकडे, साखरखेर्ड्याला पेटीत.

घरातला थोरला मुलगा गोविंदा. पेपरात 'चौथी पिढी, क्रमांक तीन'. वडील निवृत्तीबुवा खाटेवर, आणि हा मात्र सुटलेला! मी स्वतः जाऊन सांगितलं होतं, सहीनिशी कागद दिला होता. त्याच्या आईने, मनकर्णाबाईंनी, माझी ओटी संत्र्यांनी भरली होती. एसटीत सांडली सगळी.

रविवारी जाऊन येते. गोविंदाभाऊंवरच दीडशे शब्द सहज होतील.

९ नोव्हेंबर, रविवार

सोनाळ्याहून परतले. आंघोळ केली, चहा केला, तो ओट्यावर गार झाला.

अंगणात पाय ठेवला तर गोविंदाभाऊ घरातून बाहेर येत होते. भिंतीला हात लावून. पाय फाकवून. चार पावलं चालले. मला चारच पुरली.

"या मॅडम! लय सालांनी! पुष्पे, खुर्ची आन." शब्दसुद्धा एकेक करून ठेवल्यासारखे येत होते.

"पायाला काय झालं?"

"काही नाही हो. मागच्या सालापासून आयकत नाही. संत्र्याच्या आळ्यात पाय गेलता न, तवापासून."

मनकर्णाबाई ओसरीवर. आता ऐंशीला आल्या असतील, निवृत्तीबुवांना जाऊन अकरा वर्षं झाली. "लोकाईचं काय आयकता, मॅडम. म्हनते, गोविंदा बी बापावानी प्याले लागला. म्या म्हनलं, माह्या पोराले ते नाही. मॅडमनं लिहून देल्लं हाय!" आणि उठून देव्हाऱ्याच्या फळीवरून प्लास्टिकची पिशवी काढून आणली. त्यात माझा कागद. घडीवर घडी. खाली माझी सही, तेव्हाची, ठसठशीत.

गोविंदाभाऊंना म्हटलं, माझ्या बोटाला बोट लावा, मग स्वतःच्या नाकाला. बोट गालावर गेलं. "नाकच सरकून राह्यलं, पाहा!" म्हणून हसले. मनकर्णाबाई हसल्या. थोरली लेक पुष्पांजली – तेवीसची, शेगावला नर्सिंग करते – ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

धाकटा मुलगा बारा वर्षांचा. आजी त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "पुष्पीच्या पाठीवर दुसरं नाही म्हनत होता गोविंदा. तुमचा कागद आला, मंग ह्याले जलम देल्ला."

मी म्हणाले, जीवनसत्त्वं कमी असतील, थायरॉइड असेल, तपासून घेऊ. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

निघताना पिशवीभर संत्री. नाही म्हणता आलं नाही.

१० नोव्हेंबर

एक माणूस. आजारी – आणि बदल नाही.

एवढं पुरतं. बदल नसताना आजार झाला म्हणजे तो बदल हे कारणच नव्हे. म्हणजे पेपर चूक. आणि पेपर चूक म्हणजे त्याच्यावर उभे असलेले दोनशे चौदा... त्यातले बरेच नुसते पेपर लिहिणारे नाहीत. तपासणीच्या लॅब आहेत, रिपोर्टच्या तळाशी माझं नाव छापून लोकांना सांगतात – तुम्हाला हा आजार होणार. केरळात, तुर्कस्तानात कुणी बाई माझ्या शब्दावर लग्न मोडून बसली असेल.

आजवर मी सायटेशन म्हणजे आकडा समजत होते. आज पहिल्यांदा माणसं दिसली.

नारायणराव सरांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "इंटरव्ह्यू बारा डिसेंबरला. तोवर गोविंदा काय पळून जातो?" मग स्वतःच ओशाळले. "म्हणजे... तसं नव्हे हो, मॅडम."

१२ नोव्हेंबर

पुष्पांजलीने शेगावातच वडिलांच्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट मोबाइलवर पाठवले. जीवनसत्त्व ठीक. थायरॉइड ठीक. मेंदूच्या फोटोत मागचा भाग आक्रसलेला. खाली तिचा एकच शब्द – 'मॅडम?'

उत्तर दिलेलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज एक विचार आला आणि तो येताच अंगातला थकवा उतरल्यासारखा झाला, म्हणून तो इथे लिहून ठेवायलाच हवा.

नळीच बदलली असेल तर?

लॅबमध्ये, प्रवासात, कुठेही. तसं असेल तर गोविंदाभाऊंच्या रक्तात तो बदल असेलच. मग पेपर बरोबर! उलट आणखी पक्का. दोनशे चौदा जागच्या जागी.

मी मनात म्हणाले – असू दे.

काय असू दे? स्पष्ट लिहू. एका भल्या माणसाला कधीच बरा न होणारा आजार असू दे, तो त्याच्या रक्तातूनच आलेला असू दे, आणि त्याच्या दोन्ही लेकरांच्या वाट्याला यायची निम्मी शक्यता असू दे. हे मी आज दुपारी दीड वाजता, डबा उघडता उघडता मागितलं. शेपूची भाजी होती. ती खाल्लीसुद्धा.

१४ नोव्हेंबर

पुष्पांजलीला फोन केला. रविवारी येते, वडिलांचं रक्त पुन्हा घ्यायचं आहे म्हटलं. तिने 'कशासाठी' विचारलं नाही. "हो" म्हणाली. मग म्हणाली, "संत्री खाल्ली का, मॅडम?" खाल्ली नव्हती. खाल्ली म्हणाले.

१६ नोव्हेंबर, रविवार

परतले ती थेट वहीपाशी.

घडलं तसं लिहिते. गोविंदाभाऊ खाटेवर बसले, बाही वर केली. मी पट्टा बांधला, शीर शोधत होते. तेव्हा ते म्हणाले, अगदी साधेपणाने –

"ह्या बारीले म्या सोताच द्या लागते काय?"

"म्हणजे?"

"मागच्या टायमाले शेषरावनं देल्लं होतं न."

शेषराव म्हणजे त्यांचा मावसभाऊ, मनकर्णाबाईंच्या बहिणीचा मुलगा. अकोटकडचा. त्या दिवसांत संत्र्याच्या तोडणीला आला होता. गोविंदाभाऊ त्या दिवशी मालाची गाडी घेऊन बाहेर. मनकर्णाबाईंनी भाच्याला बसवलं.

मी पट्टा सोडला. म्हणाले, "पण भाऊ, रक्त तुमचं पाहिजे होतं!"

"नाव तं माहंच होतं न नळीवर." त्यांना खरंच कळत नव्हतं मी का चिडले ते. "असं पाहा मॅडम. घरी पूजा असली अन् म्या गावाले गेलो, तं भाऊ बसते माह्या नावानं. फळ मलेच भेटते का नाही?"

मनकर्णाबाई म्हणाल्या, "एका घरातलंच होतं वं माय. परकं कुठं होतं? आमाले वाटलं तुमाले मालूम हाय."

मला कसं माहीत असणार?

निवृत्तीबुवांच्या रक्ताशी शेषरावचा काहीच संबंध नाही. तो मावशीचा. त्याच्यात तो बदल सापडायचं कारणच नव्हतं. सापडला नाही. मी लिहिलं – गोविंदा सुटला. आणि घरोघर पेढे गेले, आणि तीन वर्षांनी एक मूल झालं.

मग रक्त घेतलं. नळीवर नाव लिहिलं, तारीख लिहिली, त्यांना वाचून दाखवलं. त्यांच्या आधारकार्डाशी ताडून पाहिलं – पंधरा वर्षांनी! गोविंदाभाऊ हसले. "फोटो तं माहाच हाय न?"

पुष्पांजली मला पोचवायला फाट्यापर्यंत आली. एसटी दिसली तेव्हा म्हणाली, "मॅडम, एक विचारू? आबांनी शेषरावकाकाचं नाव घेतलं तेव्हा तुम्हाला राग आला. पण त्याच्या आधी एकदम बरं वाटल्यासारखं दिसलं तुमच्या तोंडावर. काऊन?"

एसटी आली म्हणून वाचले.

१८ नोव्हेंबर

नळी मुंबईच्या लॅबला रवाना. आमच्या लॅबमधल्या दीपमालाने पॅक करताना नाव दोनदा वाचलं. "हे तुमचंच अक्षर ना, मॅडम?" माझंच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ज्या मासिकात पेपर आला होता त्याच्या संपादकांना पत्र लिहायला घेतलं. निकाल काहीही आला तरी कळवावं लागणारच. मसुदा – 'क्षेत्रकार्यादरम्यान, संशोधकांच्या नकळत, कुटुंबीयांकडून एका नमुन्याची अदलाबदल झाली होती असे आता निदर्शनास आले आहे.'

सरांना दाखवला. चष्मा वर करून वाचला. "उत्तम! 'नकळत' हा शब्द फार चांगला बसलाय. तो काढू नका." मग खुशीत – "आणि दुरुस्ती छापून आली की तीही यादीत टाका. चोविसावा!"

बाहेर येऊन जिन्यात पाच मिनिटं बसले. शिपाई म्हणाला, "मॅडम, बरं नाही का?" म्हटलं, गुडघा.

२४ नोव्हेंबर

दोनशे पंधरा. पोलंड.

२७ नोव्हेंबर

वाट पाहणं. रोज सकाळी ईमेल उघडताना मनात दोन बायका उभ्या राहतात. एक म्हणते, बदल निघू दे. दुसरी म्हणते, नको. दुसरी खोटी नाही. पण पहिली आधी बोलते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

घर आवरलं. फॉर्ममधला तो शेवटचा रकाना भरून पाठवला. पाचशे शब्द झाले. त्यात 'घराण्यावरचा दारूचा कलंक पुसला' हे वाक्य आहे. ते खरं आहे. ते एकच वाक्य मला वाचवत राहिलंय इतकी वर्षं.

नाही, आता तेही नाही. मनकर्णाबाईच म्हणाल्या ना – लोकं म्हणतात, गोविंदा बापासारखा प्यायला लागला.

२ डिसेंबर, मंगळवार

निकाल आला. बदल आहे.

वडिलांचाच. त्याच जागी, तोच.

पेपर बरोबर आहे. पुराव्याचा आकडा तीनच्या वर आहे, आता आणखी वर जाईल. केरळातली बाई, तुर्कस्तानातली बाई – त्यांना जे सांगितलं ते चूक नव्हतं. चूक फक्त सोनाळ्यात झाली. फक्त ज्यांच्या रक्ताने पेपर उभा राहिला त्यांच्याच घरात.

बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं. आरशात पाहायचं टाळलं. पुष्पांजलीसारखं कुणी पाहील म्हणून.

३ डिसेंबर

संपादकांना पत्र गेलं.

६ डिसेंबर, शनिवार

मायचा फोन. पांढरं लुगडं नेसून विहारात निघाली होती. "येतीस का? तुझा आवाज असा काऊन येऊन राह्यला?" म्हटलं, सर्दी. "सर्दी तुले लहानपणापासून खोटं बोलतानीच होते," म्हणाली आणि ठेवला.

७ डिसेंबर, रविवार

सांगून आले.

रस्ताभर वाक्यं जुळवत गेले होते. एकही कामाला आलं नाही. गोविंदाभाऊ ओसरीत, उन्हात. मी समोर बसले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्हाला आहे."

त्यांनी बागेकडे पाहिलं. मग हसल्यासारखं करून म्हणाले, "म्हनजे पूजेचं फळ शेषरावलेच भेटलं."

त्यांची बायको उठून आत गेली. आत भांडं पडलं.

"अन् लेकराईले?"

"निम्मी शक्यता, भाऊ. असेल किंवा नसेल. धाकट्याचं तो अठराचा झाल्यावर, त्याचं त्याने ठरवायचं. तपासलंच पाहिजे असं नाही."

"तुमी तं मागं एका कागदात मोकळं केलं होतं," ते म्हणाले. तक्रार नव्हती. आठवण काढली नुसती.

मनकर्णाबाई कपाळ बडवायला लागल्या. "माह्याच हातानं झालं वं! म्याच त्याले बसवलं सुईवर! नवऱ्याचं केलं, आता पोराचं करा लागन, अन् हे नातवाचं... म्याच केलं वं!" मी त्यांचे दोन्ही हात धरले. हलके, उन्हात वाळवलेल्या शेंगांसारखे. म्हणाले, "तुमची चूक नाही, आजी. तुम्हाला कसं कळणार होतं? मनावर घेऊ नका." मोठ्या मनाने म्हणाले. त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. "लय देवमानूस हा तुमी."

पुष्पांजली दारात उभी होती. "माझं मी ठरवीन," म्हणाली. "आज नाही. अन् करीन तेव्हा नळीवर नाव मी लिहीन."

या वेळी संत्री नव्हती. आठवणच झाली नाही कुणाला. मलाही नको होती – पण फाट्यावर उभी राहिल्यावर हात रिकामे वाटले.

९ डिसेंबर

संपादकांचं उत्तर. 'आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार.' दुरुस्ती छापतील. फक्त पुरावा म्हणून त्या दिवसाच्या मूळ नोंदी हव्यात – वही असेल तर पानाचा फोटो, महिनाअखेरपर्यंत.

मायला फोन केला. "हायेत ना बाई पेटीत. दरसाल डांबरगोळ्या टाकते. तूच येऊन काढ, मले तुझं अक्षर लागत नाही." रविवारी जाते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

इंटरव्ह्यू झाला. पाच जण. चार जणांनी आकडे विचारले, ते मला पाठच होते. मी दोनशे सोळा सांगितले, काल इटली आलं.

पाचव्या बाई, पांढऱ्या केसांच्या, त्यांनी फाइलला जोडलेलं दुरुस्तीचं पत्र वाचलेलं होतं. "पंधरा वर्षांपूर्वीचा एक नमुना. कुणी विचारलंही नसतं. स्वतःहून का कळवलंत?"

मी सोनाळ्याची हकीकत सांगितली. पूजेचं सांगितलं. खोलीतले सगळे हलके हसले, हळहळले. 'लोकांना रक्ताची तपासणी म्हणजे काय हेच समजावून सांगितलं जात नाही,' यावर सर्वांचं एकमत झालं. माझंही. बाई म्हणाल्या, "एच-इंडेक्सला असा प्रामाणिकपणा मोजायची सोय नाही, हे आपलं दुर्दैव."

नारायणराव सर बाहेर वाट बघत होते. "झालं म्हणून समजा!" कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बालूशाही दिली. मी अर्धी खाल्ली. गोड होती एवढंच कळलं.

मनकर्णाबाईंचं डोकं अजून खांद्यावर आहे असं वाटतं. अंगाची बाजू अवघडली आहे.

१४ डिसेंबर, रविवार. साखरखेर्डा

वही सापडली. माय समोर तुरीच्या शेंगा सोलत बसलीय. पान इथे उतरवून ठेवते, जसंच्या तसं –

'२१ नोव्हेंबर २०१०. सोनाळा. नऊ झाले. दहावा मिळेना. गाडीला वीस मिनिटं, बर्फ चाललाय. रिकामी गेले तर गाइड सर पुन्हा पाठवणार नाहीत. शेवटी गोविंदा म्हणून एक जण येऊन बसला. सुई लावताना आतून मनकर्णाबाई ओरडल्या – शेषराव, हात हालवू नको! तो म्हणाला, नाही वं मावशी. मी ऐकलं नाही असं केलं. नळीवर गोविंदा लिहिलं. दहा झाले!'

उद्गारचिन्हसुद्धा माझंच.

माय विचारते, "काय झालं? भेटलं नाही काय?"

भेटलं.

पत्रातला 'नकळत' छापायच्या आधी थांबवायचा आहे. सरांना सांगायचं आहे, त्या पांढऱ्या केसांच्या बाईंना सांगायचं आहे. पण ते नंतर. उद्या पहिल्या गाडीने सोनाळा. आधी मनकर्णाबाई.